बडोद्यात वाचलेला निबंध : प्रस्तावना

१९५३ साली बडोद्यात सहावी गुजरात-सौराष्ट्र प्रांतिक वैद्यकीय परिषद भरली. अहमदाबादचे डॉ. आर. ए. हकीम यांनी तिथे एक निबंध वाचला. विषय होता मनोविकारांवरची देशी औषधे, आणि त्यातले मुख्य औषध म्हणजे सर्पगंधेची मुळी. अशा परिषदांतले निबंध बहुधा अहवालात छापले जातात आणि अहवाल कपाटात जातो. या कामाची बातमी मात्र त्याच वर्षी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये झळकली, आणि न्यूयॉर्क राज्यातल्या रॉकलंड स्टेट हॉस्पिटलमध्ये संशोधन करणाऱ्या नेथन क्लाईन यांचे लक्ष या मुळीकडे गेले. पुढच्याच वर्षी क्लाईन यांचा मनोरुग्णांवरील सर्पगंधेच्या वापराविषयीचा लेख प्रसिद्ध झाला. मनोविकारांवर गोळ्या देता येतात, हे जगाला ज्या दोन-तीन लेखांनी पटवले, त्यांपैकी हा एक.

बडोदेकर सयाजीरावांच्या ग्रंथालयांचा, कलाभवनाचा, संगीतशाळेचा अभिमान बाळगतात, आणि तो रास्तच आहे. या परिषदेचे नाव मात्र कोणी काढत नाही. मी कोयलीत राहतो, म्हणजे बडोद्याच्या वेशीवर. १९५३ साली कोयली हे शेतीवर जगणारे गाव होते. इथली रिफायनरी सुरू झाली ती १९६५ साली, आणि तिच्याबरोबर देशभरातली माणसे आली. १९५३ साली बडोदा, अहमदाबाद, मुंबई आणि पुणे ही चारही शहरे एकाच मुंबई राज्यात होती. त्यामुळे या पुस्तकातला इतिहास गुजरातचा की महाराष्ट्राचा, असा वाद कोणी घालू नये. तो एका राज्यातल्या डॉक्टरांचा, वैद्यांचा आणि मुख्यतः रुग्णांचा इतिहास आहे, आणि त्याचे धागे कलकत्ता, बंगळूर, अमृतसर, बाझेल, पॅरिसपर्यंत गेलेले आहेत.

साधारण १९३० ते १९७० हा या पुस्तकाचा काळ. या चाळीस वर्षांत मनोविकारशास्त्राचा चेहरामोहरा जितका बदलला तितका आधीच्या दीडशे वर्षांत बदलला नव्हता. सुरुवातीला हातात कुलूप आणि झोपेचे औषध होते. शेवटी शेवटी गोळ्या होत्या, सामान्य रुग्णालयांत बाह्यरुग्ण विभाग होते, आणि मेंदूतल्या रसायनांविषयी तपासून पाहता येतील अशी अनुमाने होती. हा बदल कसा झाला हे सांगण्याच्या दोन पद्धती आपल्याकडे रूढ आहेत. एक म्हणते, सगळे युरोप-अमेरिकेत घडले आणि आपल्याकडे औषधांच्या खोक्यांतून आले. दुसरी म्हणते, आमच्या ग्रंथांत हे सारे आधीच होते, गोऱ्यांनी फक्त चोरले. दोन्ही पद्धती सोयीच्या आहेत, कारण दोन्हींत कागद वाचावे लागत नाहीत. कागद वाचले की वेगळेच दिसते. मुळी इथली होती, ती वापरणारे इथले होते, तिचा परिणाम लिहून काढणारे पहिले लोकही इथले होते. पण परिणाम मोजायचा कसा, कोणाशी ताडून पाहायचा आणि मोजताना कोणाला वगळले जाते, हे प्रश्न तेव्हा सगळ्या जगातच नवे होते. माझ्या मते त्या काळाची खरी कमाई कुठलेही एक औषध नाही, ही मोजण्याची शिस्त आहे. ती शिस्त अपुरी कुठे पडली, हेही त्याच कागदांत दिसते.

आधी परिस्थिती काय होती? आपल्या भागातली मनोरुग्णालये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी उभी राहिली. रत्नागिरीचे १८८६ चे, ठाण्याचे १९०१ चे. येरवड्याचे तर पुढे इतके वाढले की त्याच्या मंजूर खाटा अडीच हजारांवर गेल्या. बडोदे संस्थानचेही स्वतःचे रुग्णालय होते. ते आज कारेलीबागेत आहे. पुण्यात कोणाची थट्टा करायची तर ‘येरवड्याला पाठवा’ आणि मुंबईत ‘ठाण्याला न्या’ असे म्हणत, अजूनही म्हणतात. थट्टेमागे धाक होता, आणि धाकामागे १९१२ चा कायदा. त्या कायद्याखाली रुग्ण आत जाई तो बहुधा मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने, आणि बाहेर येणेही कागदपत्रांवर अवलंबून असे. १९४६ साली भोर समितीने देशाच्या आरोग्याचा आढावा घेतला, तेव्हा मनोरुग्णांसाठी साऱ्या देशात जेमतेम दहा हजार खाटा होत्या. म्हणजे चाळीस हजार माणसांमागे एक. इंग्लंडमध्ये तीनशे माणसांमागे एक होती.

हा आकडा नीट लक्षात ठेवावा, कारण पुढचे पुष्कळसे त्यावर अवलंबून आहे. अमेरिकेत १९५५ साली सरकारी मनोरुग्णालयांत सुमारे ५ लाख ५९ हजार माणसे राहत होती. तिथल्या इतिहासाची गोष्ट ही त्या भिंतींमधून माणसे बाहेर कशी आली याची गोष्ट आहे. आपल्याकडे बहुसंख्य रुग्ण त्या भिंतींच्या आत कधी गेलेच नव्हते. ते घरी होते, माजघरात होते, गोठ्याशेजारी बांधलेले होते, दर्ग्यात आणि देवळांत होते. तिकडच्या इतिहासाचा साचा इकडे जसाच्या तसा बसवला की यातले काहीच दिसत नाही.

रुग्णालयांच्या आत १९३० नंतर जे नवे उपचार आले ते सगळे शरीराला हादरवणारे होते. त्याआधीच वाग्नर-यौरेग यांनी मेंदूला पोहोचलेल्या उपदंशावर हिवतापाचा ताप चढवून उपचार केला आणि त्याबद्दल १९२७ चे नोबेल मिळवले. मग १९३३ मध्ये झाकेल यांची इन्सुलिन-मूर्च्छा आली, १९३४ मध्ये मेदुना यांनी औषधाने झटके आणले, १९३५ मध्ये एगास मोनिझ यांची मेंदूवरची शस्त्रक्रिया, आणि १९३८ मध्ये रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांचा विजेचा झटका. यातले बरेचसे आपल्याकडे फार लवकर पोहोचले. बंगळूरला गोविंदस्वामी आणि बालकृष्ण राव यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेचे अनुभव १९४४ सालीच ‘लॅन्सेट’मध्ये छापले होते. विजेचा झटका तर स्वस्त होता, यंत्र लहान होते आणि भूलतज्ज्ञ नसला तरी चालवून घेत. दातांत रबर, खांदे आणि गुडघे धरायला चार माणसे, आणि झटक्यात कधी मणक्याचे हाड मोडे. तीव्र नैराश्यात हा उपचार प्राण वाचवतो हे तेव्हाही खरे होते आणि आजही खरे आहे. तो देण्याची रीत हा वेगळा प्रश्न होता, आणि भुलीशिवाय झटका देण्यास कायद्याने बंदी येण्यासाठी आपल्याला २०१७ सालापर्यंत थांबावे लागले.

इन्सुलिनची हकिगत मोजणीच्या दृष्टीने सर्वांत बोलकी आहे. रुग्णाला सकाळी उपाशीपोटी इन्सुलिन टोचायचे, तो घामाघूम होऊन शुद्ध हरपेपर्यंत वाट पाहायची, मग नाकातल्या नळीने साखरेचे पाणी देऊन त्याला परत आणायचे. असे आठवडेच्या आठवडे. त्यासाठी वेगळा वॉर्ड, वेगळ्या परिचारिका, डोळ्यांत तेल घालून पहारा. रुग्ण सुधारत असत, यात शंका नाही. पण सुधारत कशाने होते? १९५७ साली लंडनच्या अॅकनर, हॅरिस आणि ओल्डम यांनी काही रुग्णांना इन्सुलिनने आणि काहींना झोपेच्या औषधाने बेशुद्ध केले. बाकी सारी सेवा तीच ठेवली. दोन्ही गटांत फरक पडला नाही. वीस-पंचवीस वर्षे जगभर चाललेला उपचार एका ताडून पाहण्याने कोलमडला. रुग्णाला बरे करत होते ते इन्सुलिन नव्हते. कोणीतरी दिवसभर उशाशी बसत होते, हेच बहुधा कामी येत होते.

आता सर्पगंधेकडे वळू. या पुस्तकाचा मोठा भाग तिने व्यापला आहे आणि प्रस्तावनेचाही व्यापणार आहे.

सर्पगंधा हे हात-दीड हात वाढणारे झुडूप. पाने तकतकीत, फुले पांढरी-गुलाबी, आणि कामाची गोष्ट म्हणजे जमिनीत वेडीवाकडी जाणारी मुळी. काष्ठौषधी विकणाऱ्या दुकानात ती सुकलेली मिळे. बाहेरून मातकट, मोडली की आत फिकट, आणि जिभेला लावली तर कडूजहर. बिहारकडे तिला सरळ ‘पागल की दवा’ म्हणत. वैद्य-हकीम ती निद्रानाशाला, उन्मादाला, सापाच्या विषालाही देत. १९३१ हे तिच्या आयुष्यातले महत्त्वाचे वर्ष. त्या वर्षी दिल्लीला हकीम अजमल खान यांनी सुरू करवलेल्या संशोधनात सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी मुळीतले क्षार वेगळे केले आणि एकाला हकीमसाहेबांचे नाव दिले, अजमलिन. त्याच वर्षी कलकत्त्याला गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर ही मुळी चालते असा लेख छापला. गणनाथ सेन हे आयुर्वेद आणि आधुनिक वैद्यक दोन्ही शिकलेले गृहस्थ. त्यांच्या लेखात पुढच्या तीस वर्षांची बीजे आहेत, पण तो भारताबाहेर फारसा कोणी वाचला नाही. १९४३ मध्ये कलकत्त्याच्याच गुप्ता, देव आणि कहाली यांनी मनोरुग्णांवरची निरीक्षणे छापली. त्यांचेही तेच झाले.

बाहेरचे दार उघडले ते मुंबईतून, आणि तेही मनाच्या नाही, हृदयाच्या डॉक्टरांनी. डॉ. रुस्तम जाल वकील केईएम रुग्णालयात होते. दहा वर्षे ते रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधेच्या गोळ्या देत होते. या गोळ्या बाजारात मिळत. हिमालया कंपनीने त्या १९३४ पासून विकायला काढल्या होत्या. वकिलांनी निवडक ५० रुग्णांचे आकडे मांडले आणि १९४९ मध्ये तो लेख ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. लेखाची मांडणी आजच्या कसोटीला पुरी उतरणार नाही, पण तो कोणीही तपासून पाहावा असा होता. कोण रुग्ण, किती गोळ्या, किती आठवडे, रक्तदाब आधी किती आणि नंतर किती, हे सारे त्यात होते. बॉस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी तो वाचून इथल्या गोळ्या मागवल्या आणि आपल्या रुग्णांना दिल्या. रक्तदाब तर उतरलाच, शिवाय रुग्ण शांत झाले. बाझेलच्या सिबा कंपनीत म्यूलर, श्लिटलर आणि बाइन यांनी १९५२ मध्ये मुळीतले प्रभावी द्रव्य शुद्ध स्वरूपात मिळवले. त्याचे नाव रेसरपिन. मुळीची पूड चमच्याने मोजत. रेसरपिन मिलिग्रॅमच्या अंशांत मोजावे लागे.

सेन आणि बोस यांना जे साधले नाही ते वकिलांना का साधले, याचे उत्तर केवळ इंग्रजी नियतकालिक हे नाही. रक्तदाब पट्ट्याने मोजता येतो, वेड मोजता येत नाही. मुळी मनावर काम करते हे आधी ठाऊक होते, पण जगाने ती मानली ती रक्तदाबाच्या आकड्यावरून. मन पुन्हा मागून आले, बडोद्याच्या परिषदेतून.

रॉकलंडमध्ये क्लाईन यांनी काय पाहिले? रेसरपिन सुरू केल्यावर पहिले काही दिवस रुग्ण सुस्त. नाक चोंदलेले, नाडी मंद, पोट बिघडलेले. मग बेचैनी उसळे, रुग्ण आधीपेक्षा वाईट दिसे, आणि पुष्कळ डॉक्टर घाबरून औषध इथेच थांबवत. जे थांबत नसत त्यांना काही आठवड्यांनी तिसरी अवस्था दिसे. वर्षानुवर्षे गप्प असलेला माणूस जेवणाच्या टेबलाशी बसून बोलू लागे. क्लाईन एक किस्सा सांगत. औषध चालू झाल्यानंतर फरक पडला आहे हे रुग्णालयातल्या काचा बसवणाऱ्या माणसाने ओळखले, कारण बदलायला येणाऱ्या फुटक्या काचा एकदम कमी झाल्या होत्या. डॉक्टरांच्या साऱ्या तक्त्यांपेक्षा मला हा पुरावा आवडतो. मोजणाऱ्याला काय सिद्ध करायचे आहे हेच ठाऊक नसेल तर मोजणीत खोट येत नाही.

याच सुमारास फ्रान्समध्ये दुसरे औषध पुढे येत होते. १९५० मध्ये तयार झालेले क्लोरप्रोमाझिन शल्यचिकित्सक लाबोरी यांनी भुलीसाठी वापरून पाहिले आणि १९५२ मध्ये पॅरिसच्या दिले आणि दनिकेर यांनी मनोरुग्णांना दिले. आपल्याकडे ते ‘लारगॅक्टिल’ म्हणून प्रसिद्ध झाले. ते लवकर काम करी आणि नैराश्य आणते असा बोभाटा त्याच्या वाट्याला आला नाही. दशक संपता संपता रेसरपिन मागे पडले. १९५७ चा लास्कर पुरस्कार मात्र दोन्ही औषधांच्या वाटेवरच्या माणसांना मिळून दिला गेला. वकील, क्लाईन, नोस, लाबोरी, दनिकेर, लेमन. त्या यादीत मुंबईचा एक डॉक्टर आहे, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हरकत नव्हती. बडोद्यात निबंध वाचणारे डॉ. हकीम त्या यादीत नाहीत, सेन आणि बोसही नाहीत.

औषध म्हणून मागे पडलेले रेसरपिन प्रयोगशाळेत मात्र पुढे सरसावले. १९५५ मध्ये अमेरिकेत ब्रोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की ते मेंदूतले सेरोटोनिन संपवून टाकते. तिथे काही महिने काम करून आलेले स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रेसरपिन दिले. ससे निपचित पडले. मग त्यांना एल-डोपा टोचले आणि थोड्याच वेळात ससे उठून हिंडू लागले. डोपामिन हे मेंदूत स्वतंत्र काम करणारे द्रव्य आहे, ही गोष्ट या सशांपासून सुरू होते. कंपवाताचा आजचा उपचार त्याच वाटेने आला, आणि कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळाले. सोप्या शब्दांत सांगायचे तर रेसरपिन मेंदूतली कोठारे रिकामी करते, आणि क्लोरप्रोमाझिन कोठारे भरलेली ठेवून माल घेणाऱ्या दारांना कड्या घालते. परिणाम वरवर सारखाच. एवढ्या एका तुलनेतून स्किझोफ्रेनियाचा डोपामिन-सिद्धान्त उभा राहिला. नैराश्याचा सिद्धान्तही याच मुळीशी जोडलेला आहे. रक्तदाबासाठी रेसरपिन घेणारे काही रुग्ण खिन्न होतात असे डॉक्टर सांगू लागले, आणि १९६५ मध्ये शिल्डक्राउट यांनी मेंदूतल्या रसायनांची कमतरता म्हणजे नैराश्य अशी मांडणी केली. गंमत अशी की १९५५ मध्येच लंडनच्या डेव्हिस आणि शेपर्ड यांनी चिंताग्रस्त आणि खिन्न रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखी गटवारी करून रेसरपिन दिले होते, आणि त्यांना ते उपयोगी पडले होते. सिद्धान्ताला न मानवणारा हा निकाल कित्येक वर्षे अडगळीत राहिला. मोजणीची शिस्त आली म्हणजे मोजलेले ऐकण्याची शिस्त येतेच असे नाही.

मनोविश्लेषणाविषयी या पुस्तकात थोडेच आहे. फ्रॉइडशी पत्रव्यवहार करणारे गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कलकत्त्यात संस्था काढली, १९३३ मध्ये तिथल्या सामान्य रुग्णालयात मानसोपचार विभाग सुरू केला; मुंबईत १९३८ मध्ये जे. जे. रुग्णालयात डॉ. मसानी यांनी तसाच विभाग उघडला. अहमदाबादला १९५१ मध्ये बी. एम. इन्स्टिट्यूट निघाली. या परंपरेचे मोल मी कमी लेखत नाही, पण आपल्या भागात तिचा प्रभाव साहित्यावर आणि नाटकांवर जितका पडला तितका वॉर्डांवर पडला नाही. मसानींच्या विभागाचे महत्त्व वेगळे आहे. खोकला आणि पोटदुखी घेऊन येणाऱ्यांच्या रांगेतच मनाचे दुखणे घेऊन उभे राहता येते, हे त्याने दाखवले.

दुसरी वाट योगाची, आणि ती पुन्हा बडोद्याजवळून निघते. जगन्नाथ गणेश गुणे १८८३ मध्ये डभोईला जन्मले. बडोद्यात माणिकरावांच्या आखाड्यात ते तयार झाले, नर्मदाकाठी मालसरच्या परमहंस माधवदासांकडे योग शिकले आणि स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखले गेले. १९२०-२१ मध्ये त्यांनी बडोद्याच्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत उड्डीयान आणि नौली या क्रियांचे शरीरावर काय परिणाम होतात हे आपल्या विद्यार्थ्यांवर तपासले. योगाविषयी भक्तिभावाने बोलणारे तेव्हाही ढीगभर होते. त्याची तपासणी करून घ्यायला तयार असलेला योगी विरळा. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू झाले. १९६० नंतर केईएममध्ये डॉ. एन. एस. वाहिया यांनी पतंजलीच्या सूत्रांवर आधारलेली उपचारपद्धती चिंता आणि मनोकायिक विकारांसाठी बसवली. १९६६ च्या ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकियाट्री’तील लेखावर वाहियांबरोबर कैवल्यधामचे विनेकर आणि केईएमचे दुनगाजी यांची नावे आहेत. पुढच्या प्रयोगांत वाहियांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. तुलनेच्या गटाला त्यांनी नुसते बसवून ठेवले नाही. त्यांच्याकडून आसनांसारख्या दिसणाऱ्या हालचाली करून घेतल्या, पण एकाग्रतेचा भाग वगळला. योगाचा नेमका कोणता भाग उपयोगी पडतो, हा प्रश्न त्यांनी विचारला. आज योगाच्या नावाने जे संशोधन छापले जाते त्यातल्या बऱ्याच जणांनी तो विचारणे सोडून दिले आहे.

आणि कुटुंब. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांच्या नातेवाइकांना तिथे राहायला सांगितले. आई, भाऊ, बायको रुग्णाबरोबर राहत, उपचार पाहत, शिकत, आणि रुग्णाला घेऊन लवकर घरी जात. पुढे वेल्लोर आणि बंगळूरला हीच कल्पना रुजली. याच वर्षांत पश्चिमेकडे गॉफमन, लेंग, साझ, फूको हे विचारवंत मनोरुग्णालय या संस्थेवरच तुटून पडत होते. त्यांचे म्हणणे आपल्या रुग्णालयांनाही लागू होते, पण अर्धेच. आपल्याकडे रुग्णाला कोंडणारे घर आणि सांभाळणारे घर पुष्कळदा एकच असे. विद्यासागरांनी याविषयी फारसे लिहिले नाही, ही त्या काळातली एक मोठी हानी. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत आग्र्यासह विकसनशील देशांतल्या केंद्रांमधले स्किझोफ्रेनियाचे रुग्ण श्रीमंत देशांतल्यांपेक्षा बरे सुधारलेले आढळले, तेव्हा साऱ्यांना तंबू आठवले. त्या निष्कर्षावर नंतर पुष्कळ वाद झाले. कुटुंब म्हणजे सुख असा सोपा अर्थ त्यातून काढू नये, असे मला वाटते. घरी सांभाळणाऱ्या बाईचे काय झाले, हे त्या पाहणीत कोणी मोजले नव्हते.

मोजले न गेलेले इतरही पुष्कळ आहे. या काळातल्या लेखांत रुग्णाची संमती घेतल्याचा उल्लेख क्वचित सापडतो. बायका किती होत्या, त्यांना कोणी आणून सोडले, परत न्यायला कोणी आले का, याविषयी लेख मौन पाळतात. वॉर्डबॉय आणि परिचारिका यांची नावे कुठेच नाहीत. ज्या वैद्याकडून मुळीचा वापर कळला त्याचेही नाव नाही.

आज हे पुस्तक कशाला, असे कोणी विचारील. एक कारण असे की तेव्हाचे प्रश्न अजून मिटलेले नाहीत. नैराश्य म्हणजे मेंदूतली रसायने कमी होणे, हे वाक्य आज शाळकरी मुलेही म्हणतात. ते १९६५ चे अनुमान आहे, आणि त्यावर गंभीर आक्षेप घेतले गेले आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. दुसरे कारण असे की २०१७ च्या कायद्याने रुग्णाला उपचाराविषयी स्वतःचे मत आधी लिहून ठेवण्याचा हक्क दिला आहे. हक्क वापरायचा तर उपचार कसे आले, कशाने टिकले आणि कशाने गेले, याची थोडी माहिती हवी. तिसरे कारण आमच्या अवतीभवतीचे आहे. मेहसाणा जिल्ह्यात उनाव्याला मीरा दातारचा दर्गा आहे. बडोदा-कोयलीकडचीही कुटुंबे तिथे जातात, हिंदू आणि मुसलमान दोन्ही. अलीकडे तिथे दुव्याबरोबर दवाही मिळावी अशी सोय झाली. ती चांगली की वाईट यावर सभा गाजवता येतात. तिथे आलेल्यांपैकी वर्षाने किती जण कामावर परतले, हे विचारणारा माणूस अधिक उपयोगाचा.

पुस्तकाची मर्यादा सांगतो. हा साऱ्या देशाचा इतिहास नाही आणि मनोविकारांची मार्गदर्शिकाही नाही. मूळ लेख वाचून, त्यांतले आकडे पुन्हा तपासून, ते कोणत्या रुग्णालयात आणि कोणत्या कायद्याच्या छायेत लिहिले गेले हे सांगण्याचा यात प्रयत्न आहे. लेखकाने कोणालाही महापुरुष केलेले नाही आणि कोणाला आरोपीच्या पिंजऱ्यातही उभे केलेले नाही. क्वचित मला वाटते, मेंदूच्या शस्त्रक्रियेविषयी त्याने जरा जास्तच समजूतदारपणा दाखवला आहे. तिथे रागावायला हरकत नव्हती. वैद्यकाची पार्श्वभूमी नसलेल्या वाचकाला समजेल अशीच भाषा आहे, तरी रसायनांचा भाग सावकाश वाचावा. सर्पगंधेविषयी वाचून कोणी दुकानातून मुळी आणून घेऊ नये. रक्तदाब एकदम उतरतो, इतर औषधांशी तिचे जमत नाही, आणि रानातली झुडपे ओरबाडून ओरबाडून इतकी विरळ झाली आहेत की तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले आहेत.

शेवटी वाचकांना एक विनंती. १९५० ते १९७० या काळातल्या औषधांच्या चिठ्ठ्या, रुग्णालयातून आलेली पत्रे, दाखल्याचे हुकूम, भेटीचे पास असे कागद मराठी आणि गुजराती घरांतल्या ट्रंकांत अजून असतील. लाजेपोटी ते जाळले जातात किंवा आजी-आजोबांच्या पश्चात रद्दीत जातात. ते ठेवा. नावे खोडा, तारखा ठेवा, आणि एखाद्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या संग्रहाला द्या. या पुस्तकाची पुढची आवृत्ती डॉक्टरांच्या लेखांवरून लिहिता येणार नाही. तिला हे कागद लागतील.

— कोयली, वडोदरा